काटा, कान आणि लिमिटर

टीव्हीवर एखादी मालिका चालू असते. संवाद नीट ऐकू यावेत इतपत आवाज आपण ठेवलेला असतो. मध्येच जाहिरात सुरू होते आणि घरातले कोणीतरी घाईघाईने रिमोट शोधू लागते. आवाजाचे बटण तर कोणी फिरवलेले नसते. मग आवाज वाढला कसा?

याचे उत्तर वाटते तितके सोपे नाही. पूर्वीच्या पद्धतीप्रमाणे प्रक्षेपण केंद्रात कमाल आवाज दाखवणारा काटा पाहिला असता, तर मालिकेत दार आपटल्याचा आवाज आणि जाहिरातीतला सर्वांत मोठा आवाज हे दोन्ही एकाच खुणेपर्यंत पोचलेले दिसले असते. म्हणजे मर्यादा कोणीच ओलांडली नव्हती. काटा म्हणतो, 'दोन्ही सारखे'. कान म्हणतो, 'जाहिरात मोठी'.

काटा आणि कान यांचे हे भांडण साधारण शंभर वर्षांचे आहे. त्यात 'लिमिटर' नावाच्या एका उपकरणाची मोठी भूमिका आहे. आज घरच्या संगणकावर गाणे तयार करणाऱ्या मुलांना हे नाव ठाऊक असते. आवाज वाढवायचा असेल तर लिमिटर लावा, असे ती एकमेकांना सांगतात. पण 'लिमिट' म्हणजे मर्यादा. मर्यादा घालणारे साधन आवाज वाढवण्यासाठी कसे वापरले जाऊ लागले? ही गोष्ट थोडी मागे जाऊन पाहू या.

तळ आणि छत

१९०२ साली कलकत्त्यात फ्रेड गैसबर्ग यांनी गौहर जान यांचे गाणे तबकडीवर मुद्रित केले. भारतातील व्यावसायिक ध्वनिमुद्रणाची ही सुरुवात. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, विजेचा वापर नव्हता. गायिकेने एका मोठ्या भोंग्यात गायचे. भोंग्याच्या टोकाला एक पातळ पडदा आणि पडद्याला जोडलेली सुई. आवाजाने पडदा थरथरे आणि सुई मेणावर नागमोडी खाच कोरी.

आवाज फार लहान असेल, तर ती खाच तबकडीच्या खरखरीत बुडून जाई. आवाज फार मोठा असेल, तर पडदा वेडावाकडा हले आणि आवाज फाटे. म्हणजे तबकडीला एक तळ होता आणि एक छत होते. गाणाऱ्याने त्या दोहोंच्या मध्ये राहायचे. म्हणून वरच्या स्वरावर जोर लावताना गायक भोंग्यापासून मागे सरकत आणि हळुवार जागा घेताना पुढे येत. आवाजावर मर्यादा घालण्याचे काम त्या काळी गायकाचे पाय करत होते.

तळ आणि छत ही जोडी लक्षात ठेवू. पुढे माध्यमे बदलली, पण प्रत्येक माध्यमाला आपापला तळ आणि आपापले छत राहिलेच.

एक मैल तारेपासून डेसिबलपर्यंत

दरम्यान अमेरिकेत टेलिफोनच्या तारा शेकडो मैल पसरत होत्या. तारेतून जाताना आवाज क्षीण होतो. किती क्षीण होतो हे सांगायला अभियंत्यांनी एक घरगुती माप काढले होते. ठरावीक जातीच्या एक मैल तारेतून जाताना आवाज जेवढा कमी होतो, तेवढा एक 'मैल'. योगायोगाने हा फरक कानाला जेमतेम जाणवण्याइतकाच होता.

पण तारेतील ही घट वारंवारतेनुसार बदलते. म्हणून १९२४ साली बेल टेलिफोन यंत्रणेने केवळ गणितावर आधारलेले नवे एकक घेतले. दोन शक्तींचे गुणोत्तर साधारण १.२६ असेल, तर फरक एक एककाचा. अशी तीन एकके म्हणजे १.२६ × १.२६ × १.२६, म्हणजे जवळजवळ दुप्पट. दहा एकके म्हणजे बरोबर दहापट. १९२८-२९ च्या सुमारास या एककाला टेलिफोनचा संशोधक अलेक्झांडर ग्रॅहम बेल याच्या स्मरणार्थ 'डेसिबल' हे नाव मिळाले. मूळ एकक 'बेल', आणि त्याचा दहावा भाग तो डेसिबल.

लॉगरिदम शिकवताना 'याचा उपयोग काय?' असा प्रश्न वर्गात हमखास येतो. त्याला डेसिबल हे चांगले उत्तर आहे. गुणाकाराची बेरीज करून टाकणे हेच येथे घडते. शक्ती दहापट झाली की १० मिळवायचे, शंभरपट झाली की २०. लहरीची उंची, म्हणजे आयाम, दुप्पट झाला तर शक्ती चौपट होते आणि सुमारे ६ डेसिबल वाढतात. हा ६ चा आकडा पुढे लागणार आहे.

एक गोष्ट मात्र विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगावी. डेसिबल हे गुणोत्तर आहे. कशाच्या तुलनेत, हे सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही. आपल्या देशातील २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. तिथे शून्य म्हणजे माणसाला जेमतेम ऐकू येणारा आवाज. संगीताच्या सॉफ्टवेअरमधले शून्य अगदी दुसऱ्या टोकाचे आहे. ते आपण पुढे पाहू.

राखणदार आला

१९२५ साली तबकड्यांचे मुद्रण विजेच्या साहाय्याने होऊ लागले. मायक्रोफोन आला, अ‍ॅम्प्लिफायर आला. त्याच सुमारास रेडिओही घराघरांत पोचत होता. आता गायकाला मागेपुढे सरकायची गरज उरली नाही. ते काम एका माणसाच्या बोटांकडे आले. तो काट्याकडे पाहत बटण फिरवत बसे.

रेडिओचे छत अधिक कडक होते. मध्यम लहरींवरील प्रक्षेपणात वाहक लहरीचा आयाम आवाजाबरहुकूम कमीजास्त केला जातो. आवाज फार मोठा झाला, तर एका क्षणी वाहक लहर शून्यावर येऊन तुटते. मग आवाज तर फाटतोच, शिवाय शेजारच्या केंद्रांच्या लहरींतही खडखडाट होतो. ढोलाची एक अनपेक्षित थाप, वक्त्याचे एकदम ओरडणे, एवढ्यानेही हे घडू शकते. माणसाची बोटे तेवढी चपळ नसतात. म्हणून सगळा कार्यक्रमच लहान आवाजात ठेवावा लागे.

यावर उपाय म्हणून १९३७ साली वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीने '११०-ए' नावाचा अ‍ॅम्प्लिफायर बाजारात आणला. आवाज ठरवलेल्या मर्यादेजवळ पोचला की हे यंत्र आपले वर्धन आपणच कमी करी आणि आवाज खाली आला की पूर्ववत करी. हाच लिमिटर. एखाद्या दक्ष राखणदारासारखा तो दारात उभा राही. एरवी काही करायचे नाही. कोणी मर्यादा ओलांडू लागला, तरच आवरायचे.

पण या राखणदाराचा आणखी एक उपयोग लगेच ध्यानात आला. छताला धक्का लागण्याची भीती उरली नाही, तर एकूण कार्यक्रम थोडा वर उचलता येतो. समजा सरासरी ३ डेसिबलने वर नेली, तर श्रोत्याच्या दृष्टीने ते प्रक्षेपकाची शक्ती दुप्पट केल्यासारखेच झाले. तेही नवा प्रक्षेपक न घेता! संरक्षणासाठी आणलेल्या साधनात स्पर्धेचे बीज असे पहिल्या दिवसापासूनच होते.

काटा काय मोजतो?

१९३९ साली अमेरिकेतील दोन मोठ्या रेडिओ कंपन्या, एनबीसी आणि सीबीएस, आणि बेल प्रयोगशाळा यांनी मिळून एक मापक ठरवला. त्याचे नाव व्हीयू मीटर. जुन्या टेपरेकॉर्डरवर डोलणारा जो काटा अनेकांनी पाहिला असेल, तो हाच. हा काटा मुद्दाम मंद ठेवलेला होता. आवाज सुरू झाल्यावर योग्य खुणेपर्यंत पोचायला त्याला सुमारे ०.३ सेकंद लागत. त्यामुळे तो क्षणिक टोके दाखवत नसे. तो एक प्रकारची सरासरी दाखवी. युरोपात मात्र वेगळी पद्धत होती. तिथले मापक चटकन उसळत आणि टोके दाखवत.

दोघांचेही म्हणणे बरोबर होते. यंत्राला काळजी टोकाची असते, कारण टोकच छताला आपटते. कानाला मात्र एखाद्या हजारांश सेकंदाच्या टोकाचे विशेष वाटत नाही. तो थोडा वेळ आवाज साठवून मग 'मोठा' की 'लहान' ते ठरवतो. टाळीचे टोक उंच असते, पण भोंगा अधिक मोठा वाटतो. कारण भोंगा उंचावरच टिकून राहतो.

कानाचा आणखी एक स्वभाव आहे. १९३३ साली बेल प्रयोगशाळेतील हार्वी फ्लेचर आणि विल्डन मन्सन यांनी दाखवले की, कान सर्व वारंवारतांना सारखा दाद देत नाही. तीन-चार हजार हर्ट्झच्या आसपास तो फार तीक्ष्ण असतो. खर्जातले आवाज त्याला, विशेषतः पातळी लहान असताना, फारच कमी ऐकू येतात. म्हणूनच तेच गाणे जरा मोठ्याने लावले की त्यातला खर्ज भरल्यासारखा वाटतो आणि गाणे अधिक चांगले वाटते. गाणे तेच असते. केवळ थोडे मोठे असल्यामुळे ते सरस वाटते. पुढच्या सगळ्या शर्यतीचे मूळ कानाच्या या स्वभावात आहे.

ज्यूकबॉक्स आणि खाच

१९४८ साली ३३⅓ फेऱ्यांची आणि १९४९ साली ४५ फेऱ्यांची तबकडी आली. हॉटेलांतून ज्यूकबॉक्स होते. नाणे टाकावे आणि हवे ते गाणे ऐकावे. या यंत्राचा आवाज मालकाने एकदा लावून ठेवलेला असे. साहजिकच ज्या तबकडीवर गाणे मोठ्या आवाजात कोरलेले, ती इतरांपेक्षा उठून दिसे. कंपन्यांना हे कळायला वेळ लागला नाही. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या तबकड्या तर या मोठ्या आवाजासाठी नावाजल्या गेल्या.

तबकडी कोरण्याच्या यंत्राआधी लिमिटर बसवला जाई. फेअरचाइल्ड ६७० हा त्यातला प्रसिद्ध. वीस व्हॅक्यूम ट्यूब आणि सुमारे ३० किलो वजन! तो दोन माणसांनी उचलायचा. आज याच्या नकला संगणकाच्या पडद्यावर चित्ररूपात असतात आणि शाळकरी मुले त्या माउसने फिरवतात.

तरी या शर्यतीला निसर्गानेच लगाम घातला होता. आवाज मोठा, म्हणजे खाच अधिक नागमोडी. नागमोडी खाचेला जागा अधिक लागते. मग तबकडीवर गाणे मावत नाही. फारच मोठे कोरले तर ऐकणाऱ्याच्या यंत्रातली सुई खाचेतून उडी मारते. लांबी हवी की आवाज, याची निवड करावीच लागे.

विहिरीचा काठ

१ ऑक्टोबर १९८२ रोजी जपानमध्ये पहिले सीडी प्लेअर विक्रीला आले. सीडीवर खाचेऐवजी आकडे असतात. दर सेकंदाला ४४,१०० वेळा लहरीची उंची मोजायची आणि प्रत्येक वेळी ती १६ बिटांत लिहायची. १६ बिटांत ६५,५३६ पायऱ्या मावतात. प्रत्येक बिटाने पायऱ्या दुप्पट होतात, म्हणजे ६ डेसिबल वाढतात. १६ × ६ = ९६. तळ आणि छत यांत सुमारे ९६ डेसिबलचे अंतर! कोणत्याही तबकडीपेक्षा हे कितीतरी अधिक होते.

आता सॉफ्टवेअरमधल्या शून्याकडे येऊ. आकड्यांच्या या जगात सर्वांत मोठा आकडा ठरलेला आहे. त्यापुढे लिहायला जागाच नाही. म्हणून त्या कमाल आकड्यालाच शून्य डेसिबल म्हणतात आणि बाकी सर्व पातळ्या त्याच्या खाली, उणे चिन्हाने, मोजतात. गावातल्या विहिरीत पाणी 'काठापासून दहा हात खाली' आहे असे आपण म्हणतो, तसेच हे. −१० म्हणजे काठापासून १० डेसिबल खाली. पाणी काठाच्या वर चढू शकत नाही. तसा प्रयत्न केला तर लहरीचा माथा कापला जातो, सपाट होतो आणि आवाज फाटतो. मापकावरचा लाल दिवा हेच सांगत असतो.

सुरुवातीच्या सीडींवर अभियंत्यांनी ही सगळी ऐसपैस जागा वापरली. टोके काठाजवळ आणि सरासरी पातळी पंधरा-वीस डेसिबल खाली, असे साधारण चित्र असे. आवाज मोठा हवा असेल, तर ऐकणाऱ्याने बटण फिरवावे.

पण तबकडीचा तो नैसर्गिक लगाम आता नव्हता. मोठ्या आवाजाने सीडीवरची जागा कमी होत नव्हती, सुई उडी मारत नव्हती. एकीकडे दुकाने, मोटारी आणि रेडिओ केंद्रे यांतून एकामागून एक गाणी लागत होती आणि शेजारच्या गाण्यापेक्षा आपले गाणे लहान वाटू नये, अशी प्रत्येकाची धडपड होती. दुसरीकडे टोके मात्र काठाला टेकलेली. आता आणखी वर जायचे कसे?

टोके छाटा, बाकी उचला

१९९४ साली वेव्ह्ज या इस्रायली कंपनीने 'एल१ अल्ट्रामॅक्सिमायझर' हा संगणकावर चालणारा लिमिटर आणला. जुन्या लिमिटरची एक अडचण होती. टोक येऊन धडकल्यावर त्याला ते कळे आणि तोवर थोडा उशीर झालेला असे. संगणकाला मात्र आवाज काही हजारांश सेकंद अडवून ठेवता येतो. तेवढ्या वेळात पुढचे टोक किती उंच आहे ते आधीच पाहून तो नेमके तेवढेच वर्धन कमी करतो. काठ कधी ओलांडला जाणार नाही, याची हमी मिळाली.

याने नेमके काय होते, ते एका काल्पनिक मैफिलीच्या आकड्यांनी पाहू. तबल्याची थाप ० डेसिबलवर, गाणाऱ्याचा आवाज −१० वर आणि तंबोऱ्याचा झंकार −२४ वर आहे. लिमिटरला सांगितले, −६ च्या वर कोणाला जाऊ देऊ नकोस. थाप −६ वर येते. थापेच्या मधल्या वेळात आवाज आणि तंबोरा जसेच्या तसे राहतात. आता सगळेच ६ डेसिबल वर उचलले. थाप पुन्हा ० वर, आवाज −४ वर आणि तंबोरा −१८ वर. टोके मोजणारा काटा म्हणेल, काहीच बदलले नाही. कान म्हणेल, गाणे चांगलेच मोठे झाले.

पण काहीतरी गेलेही आहे. थाप आणि आवाज यांत १० डेसिबलचे अंतर होते, ते ४ राहिले. थापेचा ठसका बोथट झाला. हेच पुन्हा पुन्हा केले, तर थाप, आवाज आणि तंबोरा सगळे एकाच उंचीवर येऊन बसतात. हळू आणि जोरात यांतला फरक हा संगीताचा मोठा भाग आहे. तोच इथे खर्ची पडतो. शिवाय सतत एकाच उंचीवर असलेला आवाज ऐकून कान लवकर थकतो, अशी अनेक श्रोत्यांची तक्रार असते.

एका गटाने केले म्हणून दुसऱ्याने केले. इंग्लंडच्या ओअ‍ॅसिस या वाद्यवृंदाचा १९९५ सालचा '(व्हॉट्स द स्टोरी) मॉर्निंग ग्लोरी?' हा संग्रह या चढाओढीतला एक टप्पा मानला जातो. नंतरच्या दशकात अनेक सीडींची सरासरी काठाच्या दहा डेसिबलच्याही आत आली. या प्रकाराला 'लाऊडनेस वॉर', म्हणजे मोठ्या आवाजाचे युद्ध, असे नाव पडले.

याच काळात ही साधने घरात आली. १९९६ साली स्टाइनबर्ग कंपनीने 'व्हीएसटी' ही पद्धत काढली. तिच्यामुळे लिमिटरसारखी यंत्रे सॉफ्टवेअरच्या रूपात कोणालाही आपल्या संगणकात जोडता येऊ लागली. २००० साली ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर आले, २००४ साली अ‍ॅपलचे गॅरेजबँड. पूर्वी राखणदाराची किल्ली मोजक्या अभियंत्यांकडे होती, ती आता प्रत्येकाच्या हातात आली.

शर्यतीचा कळस २००८ साली झाला. मेटॅलिका या वाद्यवृंदाचा 'डेथ मॅग्नेटिक' हा संग्रह सीडीवर आला आणि त्यातली गाणी 'गिटार हीरो' या व्हिडिओ खेळातही आली. खेळातल्या गाण्यांवर इतकी दाबादाब केलेली नव्हती. श्रोत्यांनी दोन्ही आवृत्त्यांच्या लहरी शेजारीशेजारी ठेवल्या. एकीकडे डोंगर-दऱ्या होत्या, दुसरीकडे सपाट माथ्याची जाड पट्टी. सीडी पुन्हा नीट करून द्यावी, असे निवेदन हजारो चाहत्यांनी केले. अभियंत्यांपुरता असलेला वाद अशा रीतीने श्रोत्यांपर्यंत पोचला.

माप बदलले

ही शर्यत समजावून सांगून थांबली नसती. एकट्याने माघार घ्यावी, तर त्याचेच गाणे लहान वाटणार. प्रत्येकाला शर्यत नको असूनही प्रत्येक जण धावत होता. नियम होता तो टोकांचा, आणि टोकांचा नियम पाळूनच तर हे सारे चालले होते. म्हणून काही संशोधकांनी वेगळा प्रश्न विचारला. कानाला जे जाणवते, तेच मोजणारा काटा करता येईल का?

टीव्हीच्या क्षेत्रात या प्रश्नाची निकड अधिक होती. जाहिरातींबद्दलच्या तक्रारी अनेक देशांत होत होत्या. आपल्याकडेही १९९४ च्या केबल टेलिव्हिजन नियमांतील जाहिरात संहिता सांगते की, जाहिरातीचा आवाज अवाजवी मोठा नसावा. पण 'अवाजवी' म्हणजे किती, याचा आकडा त्या वाक्यात नाही. आकडा नसला की वाद कसा मिटायचा?

२००६ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने असा मापक प्रसिद्ध केला. त्याचा क्रमांक बीएस १७७०. त्यामागे श्रोत्यांना प्रत्यक्ष आवाज ऐकवून केलेल्या चाचण्या होत्या. त्याची रीत थोडक्यात अशी. प्रथम आवाज एका गाळणीतून जातो. ती अगदी खालचा खर्ज कमी धरते आणि वरच्या वारंवारतांना थोडे अधिक वजन देते, कानासारखे. मग लहरीच्या वर्गांची सरासरी काढायची. पुढे २०११ मध्ये अशी सुधारणा झाली की, अगदी शांत भाग या सरासरीत धरायचे नाहीत. नाही तर मधे पुष्कळ शांतता ठेवून बाकी आवाज वाढवण्याची पळवाट राहिली असती. या मापाचे एकक 'एलयूएफएस'. त्यातही शून्य काठावर असते आणि आकडे उणे असतात.

२०१० साली युरोपीय प्रसारण संघाने शिफारस केली की, प्रत्येक कार्यक्रमाची आणि जाहिरातीची सरासरी −२३ एलयूएफएस असावी. त्याच वर्षी अमेरिकेत जाहिरातींच्या आवाजासंबंधी कायदा झाला आणि डिसेंबर २०१२ पासून तो अमलात आला. आता जाहिरातदाराने लिमिटर लावून सरासरी वर नेली, तर पूर्ण जाहिरातच तेवढी खाली आणावी लागते. दाबादाबीचा फायदा संपला.

संगीताचेही तसेच झाले. स्पॉटिफाय, यूट्यूब यांसारख्या सेवा गाण्याची सरासरी आधी मोजतात. स्पॉटिफायची नेहमीची पातळी −१४ एलयूएफएस आहे. समजा, एकाने गाणे दाबून −८ वर नेले. सेवा ते ६ डेसिबलने खाली आणते. मग त्याची टोके −६ च्या आसपास येतात आणि वरची सगळी जागा रिकामी राहते. दुसऱ्याने आपले गाणे −१४ वरच ठेवले. त्याच्या थापा मात्र काठापर्यंत मोकळेपणाने उसळतात. दोन्ही सारखीच मोठी वाटतात, पण पहिले गाणे शेजारी ऐकले तर चपटे वाटते.

म्हणून शर्यत पूर्ण थांबली असे मात्र नाही. ही सोय श्रोत्याला बंद करता येते, सर्व ठिकाणी ती नसतेही. काही प्रकारच्या संगीतात दाबलेला आवाज हा शैलीचाच भाग झाला आहे. बदलले ते एवढेच की, मोठा आवाज आता आपोआप जिंकत नाही.

परीक्षा आणि गुण यांच्याशी रोजचा संबंध असलेल्या शिक्षकांना यात काही ओळखीचे दिसेल. ज्याचे मोजमाप होते, त्याचीच शर्यत लागते. शर्यतीचा दोष धावणाऱ्यांना देण्याआधी काटा काय मोजतो आहे ते पाहावे लागते.

वर्गात करून पाहण्यासारखे

घरी गाणे तयार करणाऱ्या विद्यार्थ्याला तीन गोष्टी सांगता येतील. मुद्रण करताना टोके काठापासून दहा-बारा डेसिबल खाली ठेवावीत, कारण एकदा फाटलेला आवाज जसाच्या तसा परत मिळत नाही. शेवटी लिमिटर लावायचाच, तर त्याचे छत −१ वर ठेवावे, कारण आकड्यांपासून पुन्हा लहर तयार होताना ती दोन आकड्यांच्या मधे थोडी वर उसळू शकते. आणि 'आधीचे चांगले की नंतरचे' हे ठरवण्यापूर्वी दोन्हींचे आवाज सारखे करावेत.

ही शेवटची गोष्ट वर्गात प्रयोग म्हणून करता येते. एक संगणक, ऑडॅसिटी आणि स्पीकर एवढेच लागते. आवाज बेताचाच ठेवावा.

१. एका विद्यार्थ्याचे बोलणे आणि मधूनमधून टाळ्या असे अर्धा मिनिट मुद्रित करा. पडद्यावर टाळ्यांची टोके आणि बोलण्याची पातळी पाहा.

२. त्याची एक प्रत काढून ती ६ डेसिबल कमी करा. लहरीची उंची मोजपट्टीने मोजा. ती निम्मी झाली का? (पडद्यावर उंची डेसिबलऐवजी सरळ प्रमाणात दाखवली आहे ना, ते आधी तपासा.)

३. मूळ मुद्रणाच्या दुसऱ्या प्रतीला लिमिटर लावून टोके ६ डेसिबलने दाबा आणि मग पूर्ण प्रत ६ डेसिबलने उचला. ही प्रत आणि मूळ मुद्रण दोन्ही वर्गाला ऐकवा. कोणते कोणते ते सांगू नका. 'कोणते चांगले?' एवढेच प्रत्येकाला कागदावर लिहू द्या.

४. आता ऑडॅसिटीतील लाऊडनेस नॉर्मलायझेशन वापरून दोन्ही −२३ एलयूएफएसवर आणा. पुन्हा ऐकवा आणि पुन्हा लिहायला सांगा.

दोन्ही वेळची मते फळ्यावर मांडा. ज्यांची मते बदलली, त्यांना पहिल्या वेळी नेमके काय आवडले होते ते विचारा. त्यावर वर्गात होणारी चर्चा हाच या प्रयोगाचा खरा भाग आहे.